जुना ड्रायव्हर आणि बदललेली पाठ

गोल्फच्या खेळात लांब पल्ल्याचा पहिला फटका ज्या काठीने मारतात, तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. खेळाडूच्या पिशवीतील ही सर्वांत लांब काठी आणि पुष्कळदा सर्वांत लाडकीही. आपल्यापैकी बहुतेकांचा गोल्फशी संबंध दूरचित्रवाणीवर हिरवळ पाहण्यापुरताच असतो. परंतु जुन्या हत्याराचा लळा आणि वाढत्या वयाचे शरीर यांच्यातला पेच कोणत्याही घरात उद्भवतो. गोल्फमध्ये तो विशेष स्पष्ट दिसतो, कारण तेथे हत्यार गेल्या चाळीस वर्षांत मुळापासून बदलले आहे आणि माणसाची पाठ मात्र हजारो वर्षांपूर्वी होती तशीच आहे.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ आहेत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांच्याविषयी लिहितो. वय ६८, अभियंता म्हणून निवृत्त, मधुमेह बारा वर्षांपासून, पण उत्तम ताब्यात. आठवड्यातून तीन सकाळी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जाणे, हा त्यांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा नेम. मागील वर्षी तपासणीस आले तेव्हा वजन चार किलोने वाढलेले होते आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.९ वरून ८.१ वर गेला होता. आहार तोच, औषधे तीच. विचारता विचारता कळले की सहा महिन्यांपासून त्यांनी खेळणेच सोडले आहे. कंबर धरते, डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ येते, आणि चेंडू पूर्वी पडत असे त्याच्या पन्नास पावले अलीकडेच पडतो.

“खेळ सोडायला मी नाही सांगितले यांना,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “ती जुनी लाकडी काठी तेवढी बदला म्हटले, तर हे मैदानावर जायचेच थांबले. आता तुम्हीच काय ते सांगा, डॉक्टर.”

ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तो ड्रायव्हर माझ्या हाताला ओळखतो.”

एका मित्राने १९८६ मध्ये त्यांना तो परदेशातून आणून दिला होता. तो मित्र आता हयात नाही.

वैद्यकीय दृष्टीने पाहता येथे दुखणारी कंबर हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न गमावलेल्या चालण्याचा होता. अठरा होलचा पूर्ण खेळ पायी खेळला तर आठ ते दहा किलोमीटर चालणे होते, तेही चढउतारावर, चार-साडेचार तास, सोबत गप्पागोष्टी. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी तेथील सुमारे तीन लाख नोंदणीकृत गोल्फ खेळाडूंची माहिती तपासली तेव्हा, त्याच वयाच्या व त्याच आर्थिक-सामाजिक स्तरातील इतरांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. याचे सगळे श्रेय खेळालाच देता येणार नाही. मुळात धडधाकट माणसेच खेळायला जातात, हेही त्यामागे असू शकते. तरी नियमित चालणे, मोकळी हवा आणि सोबत या तिन्हींचा लाभ निर्विवाद आहे. तो या गृहस्थांच्या हातून निसटला होता. काठी सोडवत नव्हती म्हणून त्यांनी खेळ सोडला होता.

लाकडाची गोडी

त्यांचा हट्ट निव्वळ भावनेचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. जुन्या ड्रायव्हरचे डोके ‘पर्सिमन’ नावाच्या अमेरिकी झाडाच्या लाकडाचे असे. हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तो आपल्या विदर्भातील तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, याच वंशातला, आणि काळे शिसवी भासणारे आबनूसही त्याच कुळातले. लाकूड घट्ट, जड आणि चिवट. ते वाळवून, तेल पाजून, वरून रोगण चढवून कारागीर त्याला नासपतीसारखा घाट देत. तळाला धातूची पट्टी आणि तोंडावर स्क्रूने बसवलेला कठीण तुकडा असे. पावसाळ्यात हे लाकूड ओल धरून फुगे, म्हणून त्याला लोकरी टोपी घालून जपावे लागे. ज्या वस्तूची अशी निगा राखावी लागते तिच्यावर जीव जडतो, यात नवल नाही.

या लाकडाचा एक खरा गुण होता. चेंडू डोक्याच्या नेमक्या मध्यावर बसला तर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नसे. एक भरीव, मऊ आवाज तेवढा होई. मध्य चुकला की मात्र दांड्यातून झिणझिणी थेट तळव्यात उतरे. फटका कसा बसला हे चेंडूकडे न पाहताच कळे. चेंडू आणि काठी यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने हात त्या स्पर्शावरून पुष्कळ काही वाचू शकतात. मज्जासंस्थेच्या भाषेत सांगायचे तर त्वचा, स्नायू आणि सांधे यांच्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांचा तो पक्का झालेला पाठ असतो. ‘हा ड्रायव्हर माझ्या हाताला ओळखतो’ या वाक्यात म्हणूनच काव्याइतकेच शरीरशास्त्रही होते.

धातूची क्षमाशीलता

मग बदल का झाला? १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स या अमेरिकी गृहस्थांनी टेलरमेड ही कंपनी सुरू केली आणि स्टेनलेस स्टीलचे पोकळ डोके असलेला ड्रायव्हर बाजारात आणला. पोलादनगरी पिट्सबर्गच्या नावावरून त्याला गमतीने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणत. १९९१ मध्ये कॅलावे कंपनीचा ‘बिग बर्था’ आला. पहिल्या महायुद्धातील एका जर्मन तोफेचे ते नाव. त्याच्या डोक्याचे आकारमान १९० घन सेंटिमीटर होते आणि त्या काळी तेही अवाढव्य वाटले. १९९५ मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियमचे, सुमारे २५० घन सेंटिमीटरचे डोके आणले. पुढे डोकी इतकी फुगत गेली की खेळाचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांना, म्हणजे स्कॉटलंडमधील आर अँड ए आणि अमेरिकेतील यूएसजीए यांना, २००४ मध्ये ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. आजचे बहुतेक ड्रायव्हर या मर्यादेला टेकलेले असतात. म्हणजे जवळजवळ दोन पेले पाणी मावेल एवढे डोके. तरीही त्याचे वजन जुन्या लाकडी डोक्याइतकेच, दोनशे ग्रॅमच्या आसपास असते.

हे साधते ते टायटॅनियम हलके आणि बळकट असल्यामुळे. आपल्या परिचयात कोणाच्या खुब्याचा सांधा बदलला असेल किंवा दाताचे रोपण झाले असेल, तर याच धातूशी आपली ओळख झालेली आहे. धातू बळकट असल्याने भिंती पातळ ठेवता येतात, आत पोकळी राहते आणि वाचलेले वजन कडेकडेला वाटून देता येते. त्याचा लाभ समजण्यासाठी डोंबाऱ्याचा खेळ आठवावा. दोरीवर चालणारी पोर हातात आडवी लांब काठी धरते. वजन दूरवर दोन टोकांना गेले की ती काठी सहजासहजी गिरकी घेत नाही आणि तोल सावरायला उसंत मिळते. नव्या ड्रायव्हरच्या डोक्यातही तेच घडते. चेंडू मध्यापासून बोटभर बाजूला बसला तरी डोके फारसे पिळत नाही, चेंडू बऱ्यापैकी सरळ व लांब जातो आणि हाताला बसणारा हादरा कमी होतो.

दांडाही बदलला. जुना पोलादी दांडा साधारण १२० ग्रॅमचा. आजचा ग्राफाइटचा पन्नास ते सत्तर ग्रॅमचा. फिरवायला कमी कष्ट, आणि पोलादापेक्षा कंप शोषून घेण्याची क्षमता अधिक.

मोठमोठ्या खेळाडूंनाही लाकूड सोडवत नव्हते. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा लाकडी ड्रायव्हरने जिंकली. त्यानंतर ती स्पर्धा लाकडाने कोणी जिंकलेली नाही. ज्यांचा चरितार्थ या खेळावर होता त्यांनीही हळूहळू, नाइलाजाने का होईना, धातू हाती घेतला. आमच्या ६८ वर्षांच्या गृहस्थांना एवढे सांगितल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. आपण एकटेच अडून बसलेलो नाही, हे कळले की माणसाला धीर येतो.

पाठीत काय बदलते?

आता हत्याराकडून शरीराकडे वळू. तिशीनंतर आपल्या स्नायूंचे वस्तुमान दर दशकात साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते, आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी व अधिक प्रमाणात क्षीण होतात. त्यामुळे साठी-सत्तरीतील माणूस जड पिशवी पूर्वीइतकीच उचलू शकेल, पण ती झटक्यात उचलणे त्याला जमणार नाही. ड्रायव्हरचा फटका हे झटक्याचे काम आहे. काठी वरून खाली चेंडूपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पाव भाग लागतो.

दुसरा बदल वळण्यात होतो. पूर्ण फटक्यासाठी खांदे जवळपास ९० अंशांतून वळावे लागतात आणि ओटीपोटाचा भाग त्याच्या निम्मा. हे वळण कमरेतून येते असे आपल्याला वाटते; पण कमरेच्या पाच मणक्यांची रचना मुख्यतः वाकण्यासाठी आणि भार पेलण्यासाठी आहे. हे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. खरे वळण खुब्यांतून आणि बरगड्या जोडलेल्या वरच्या मणक्यांतून यायला हवे. वयानुसार, आणि वर्षानुवर्षे खुर्चीत बसण्याने, नेमके हेच दोन भाग आखडतात. मग उरलेले वळण बिचाऱ्या कमरेकडून वसूल केले जाते. त्याच सुमारास मणक्यांमधील चकत्यांतील पाण्याचा अंश कमी झालेला असतो आणि मागील लहान सांधे झिजू लागलेले असतात. जोरकस फटक्याच्या क्षणी कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठ पटीपर्यंत दाब येऊ शकतो, असे मोजमापांत आढळले आहे. हौशी गोल्फ खेळाडूंच्या दुखापतींत कमरेचा क्रमांक सर्वांत वर का लागतो, हे यावरून ध्यानात यावे.

या गृहस्थांचे नेमके काय झाले होते? चेंडू पन्नास पावले अलीकडे पडू लागल्यावर त्यांनी पूर्वीचा पल्ला गाठण्यासाठी अधिक जोर लावायला सुरुवात केली. जोर लावला की तोल ढळतो, तोल ढळला की लाकडाचा तो छोटा मध्य चुकतो, मध्य चुकला की हादरा कोपरात जातो आणि चेंडू आणखी अलीकडे पडतो. मग आणखी जोर. भरीला पंधरा वर्षांत न बदललेली, दगडासारखी कडक झालेली रबरी मूठ. ती निसटू नये म्हणून पकड घट्ट करावी लागे, आणि घट्ट पकडीचा सारा ताण कोपराच्या बाहेरच्या स्नायूबंधावर येई. या दुखण्याला आपण ‘टेनिस एल्बो’ म्हणतो. उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्याच्या डाव्या कोपरातही ते सर्रास आढळते.

तरुणपणी काठीची उणीव शरीर भरून काढते. या वयात शरीराची उणीव काठीने भरून काढावी, यात कमीपणा कसला? चाळिशीत चष्मा लागतो तेव्हा डोळ्यांशी बेइमानी केली असे आपण म्हणत नाही.

नवा म्हणजे योग्यच असे नाही

एवढे सारे ऐकल्यावर त्यांनी उत्साहाने होकार दिला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. ते “बघतो” म्हणाले. महिन्याभराने त्यांच्या अमेरिकेतील चिरंजीवांनी एक महागडा ड्रायव्हर पाठवून दिला. तो हाती घेतल्यावर कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली आणि “मी म्हणत नव्हतो?” असे त्यांनी मला विजयी मुद्रेने विचारले.

दोष ड्रायव्हरच्या नवेपणाचा नव्हता. तो दुसऱ्याच्या अंगाचा होता. चिरंजीवांनी आपल्याला झेपणारा, ताठर दांड्याचा घेतला होता. दांडा जितका ताठर, तितका त्यातून काम काढून घेण्यासाठी वेग अधिक लागतो. उतारवयात दांडा अधिक लवचिक हवा. दुसरी गोष्ट लांबीची. जुने लाकडी ड्रायव्हर साधारण ४३ इंचांचे असत. आज दुकानातील ड्रायव्हर ४५ इंचांचा किंवा त्याहून थोडा अधिक असतो. लांब काठीने पल्ला वाढतो, पण नेम अवघड होतो. मध्यम उंचीच्या ज्येष्ठ खेळाडूस ४४ इंच पुष्कळदा अधिक मानवतो. तिसरी गोष्ट डोक्याच्या तोंडाच्या कलाची. वेग कमी झालेल्या माणसाला चेंडू हवेत उचलून देणारा अधिक कल, म्हणजे साडेदहा ते बारा-तेरा अंशांचा, सोयीचा पडतो. नऊ अंशांचा ड्रायव्हर जोमदार तरुणांना शोभतो. आणि चौथी गोष्ट मुठीची. बोटांच्या सांध्यांना संधिवाताची सूज असेल तर थोडी जाड व मऊ मूठ घ्यावी; पकड आपोआप सैल होते.

ही चारही मापे जाणकाराकडून, प्रत्यक्ष चेंडू मारून पाहूनच ठरवावीत. आपण चपला जशा पायात घालून पाहतो तसेच हे. आई-वडिलांना प्रेमाने काही भेट देऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनीही ध्यानात ठेवावे की वस्तूपेक्षा ती निवडताना सोबत जाणे अधिक मोलाचे. शिवाय अगदी या वर्षीचाच ड्रायव्हर हवा असे नाही. आकारमानाची मर्यादा २००४ पासून तीच असल्याने चार-पाच वर्षांपूर्वीचा, वापरलेला पण मापात बसणारा ड्रायव्हर कमी खर्चात तेच काम करतो.

बदल करताना घ्यावयाची काळजी

पहिले पथ्य निदानाचे. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा कमी होणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, ताप किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर काठीचा विचार बाजूस ठेवून तत्काळ तपासणी करून घ्यावी. तसे काही नसेल तर दोन-चार आठवडे फटके थांबवून चालणे सुरू ठेवावे. अंथरुणाला खिळून राहण्याने कंबर सुधारत नाही.

दुसरे पथ्य तयारीचे. खुबे आणि वरची पाठ यांना वळण परत मिळवून देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत आणि रोज दहा मिनिटे करावेत. पोट, पाठ व नितंबांच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम आठवड्यातून दोनदा करावेत. खेळापूर्वी दहा मिनिटे झपझप चालून आणि हळुवार अर्धे फटके मारून अंग गरम करावे. मोटारीतून उतरून थेट ड्रायव्हर उगारणे, हा कमरेशी केलेला दांडगावा होय.

तिसरे पथ्य मात्रेचे. नवी काठी हलकी असते, फटका गोड बसतो आणि सराव-मैदानावर पाहता पाहता शंभर चेंडू मारून होतात. दुसऱ्या दिवशी पाठ उचलत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, ड्रायव्हरचे वीस ते पंचवीसच फटके मारावेत आणि मधून मधून लहान काठ्या वापराव्यात. नव्या मोठ्या डोक्यासाठी चेंडू उंच टीवर ठेवून किंचित खालून वर मारण्याची रीत आहे. ती शिकताना उजव्या कुशीवर फार कलू नये; त्या कलण्याचा ताण कमरेच्या उजव्या बाजूवर येतो.

चौथे पथ्य कानांचे. धातूच्या पातळ तोंडाचा आवाज लाकडासारखा मऊ नसतो. तो टणत्कार असतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली एका पंचावन्न वर्षांच्या गोल्फ खेळाडूची हकीकत प्रसिद्ध झाली होती. पातळ तोंडाच्या टायटॅनियम ड्रायव्हरने दीड वर्ष, आठवड्यातून तीनदा खेळल्यानंतर त्याच्या उजव्या कानात गुणगुण सुरू झाली आणि ऐकू येणेही कमी झाले. असे सर्वांचे होईल असे नाही. पण फटक्यानंतर कानात गुणगुणत असेल तर कापसाचा बोळा नव्हे, कानात नीट बसणारे इअरप्लग वापरावेत.

पाचवे पथ्य मधुमेहींसाठी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दीर्घ खंडानंतर चार तासांचे चालणे एकदम सुरू करू नये. आधी नऊ होल खेळावेत, खेळापूर्वी व नंतर साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी ठेवावी. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे सोबत्यांनाही सांगून ठेवावीत. चालताना छातीत दडपण किंवा धाप जाणवली तर खेळ तेथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वी खेळ आटोपावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

सहावे पथ्य मानाचे म्हणावे लागेल. प्रत्येक होलच्या आरंभी मागे-पुढे असे अनेक टी असतात. पुढच्या टीवरून खेळले की पल्ला कमी लागतो आणि जोर लावण्याचा मोह टळतो. अमेरिकेत २०११ पासून खेळाडूंच्या व नियामकांच्या संस्थांनी मिळून याचा पुरस्कार चालवला आहे. आपल्याकडे मात्र पुढे सरकणे म्हणजे माघार असे अनेकांना वाटते. सत्तरीत धाकट्या मित्रांसमवेत मागच्या टीवरून खेळून कंबर गमावण्यापेक्षा चार पावले पुढे उभे राहून दहा वर्षे अधिक खेळावे.

जुन्याचे काय करावे?

घरातील मंडळी येथे एक गोष्ट नकळत बिघडवतात. “आता वय झाले, टाका ती काठी” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानी निराळेच पडते. त्याला ऐकू येते की आपला काळ संपला, आपला मित्र गेला आणि आता त्याची उरलेली खूणही जाणार. मग तो काठीसाठी भांडत नाही, स्वतःसाठी भांडतो. अशा वेळी वयाचा उल्लेख टाळून कामाविषयी बोलावे: कोणता फटका दुखवतो, कोणता नाही, काय केले म्हणजे रविवारची सकाळ पुन्हा मिळेल. आणि जुनी वस्तू टाकून देण्याची अट कधीही घालू नये. नव्याला जागा देणे आणि जुन्याला हाकलणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आमच्या गृहस्थांनी मापे घेऊन दांडा बदलून घेतला, दोन महिने व्यायाम केला आणि नऊ होलपासून पुन्हा आरंभ केला. आता एक अडचण उरली. नियमाप्रमाणे पिशवीत चौदाच काठ्या चालतात. नवी घालायची तर एक काढावी लागणार. त्यांनी वर्षानुवर्षे ज्या लांब लोखंडी काठीने एकही धड फटका बसला नव्हता ती काढून टाकली आणि दोन्ही ड्रायव्हर ठेवले. मला ते त्यांनी अपराध्यासारखे सांगितले. मी म्हटले, जुन्याची मूठ मात्र आजच्या आज बदलून घ्या. त्यांनी ती बदलून घेतली. आखूड होलवर, अंग मोकळे झालेले असताना, जोर न लावता जुन्याने एक-दोन फटके मारण्यास माझी हरकत नाही, हेही त्यांना सांगितले. चार महिन्यांनी साखरेचा आकडा ७.२ वर आला. वजन अजून दोन किलो उतरायचे आहे.

हाच हिशेब आजीच्या पाट्या-वरवंट्याला, आजोबांच्या उंच दांड्याच्या सायकलीला आणि वडिलांच्या जड रंध्यालाही लागू पडतो. तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूने काम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखते का? ते दुखणे टाळण्यासाठी माणूस ते कामच टाळू लागला आहे का? आणि वस्तू बदलली तर ते काम पुन्हा सुरू होईल का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ आली, तर नवी वस्तू माणसाच्या मापाने घ्यावी, पहिले काही आठवडे बेताने वापरावी, आणि जुनी वस्तू घरात तिच्या नेहमीच्या जागी राहू द्यावी.